षड्ज चुकला कोणाचा?

या सदरांतून आजवर आम्ही बहुधा स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या आसपासच वावरलों. पाणी गाळण्याचीं यंत्रें, विजेच्या शेगड्या, घरांतील विजेची जोडणी व तिचे धोके, यांच्या पलीकडे आमची मजल गेली नाहीं. या खेपेस दिवाणखान्यांत येऊन बसण्याचा प्रसंग आला आहे. गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीव जर्मनीहून घरीं आले तेव्हां सामानांतून मध्यम आकाराच्या पुस्तकाएवढा एक काळा डबा त्यांनीं बाहेर काढला. तो आर. एम. ई. या जर्मन कंपनीचा 'एडीआय-२ डॅक' होता. किंमत त्यांनीं सांगितली नाहीं. पुढें आम्हींच ती शोधून काढली. हजार युरोंच्या घरांतील तो आंकडा पाहिल्यावर दोन दिवस त्या डब्यावरची धूळ झटकण्यासही आमचा हात धजला नाहीं.

डॅक म्हणजे काय, हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडींत आवाज खांचेच्या रूपानें असतो व टेपच्या फितींत चुंबकत्वाच्या रूपानें. संगणकांत किंवा मोबाइलमध्यें मात्र तो नुसत्या आंकड्यांच्या रूपानें साठविलेला असतो. सीडीच्या पद्धतींत आवाजाच्या लाटेची उंची एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवितात. डाव्या बाजूचा हिशेब निराळा, उजव्या बाजूचा निराळा. हे आंकडे वाचून त्यांची पुन्हां विजेची लाट करणें, हें डॅकचें काम. पुढें ध्वनिवर्धक व कर्णे त्या लाटेचा आवाज करतात. प्रत्येक मोबाइलच्या पोटांतही एक चिमुकलें डॅक असतें. निराळें, भारी किंमतीचें डॅक तेंच काम अधिक शांतपणें करतें. त्याची वीज स्वच्छ असते, आंकडे मोजून देणारें घड्याळ काटेकोर असतें, व आजूबाजूच्या जोडण्यांची कुरकुर आवाजांत मिसळूं नये अशी खबरदारी घेतलेली असते.

पायऱ्यांनीं बनलेला आवाज पायऱ्यांसारखाच खडबडीत ऐकूं येत असला पाहिजे, अशी कित्येकांची समजूत आहे, आमचीही होती. ती खरी नाहीं. मोजण्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी कंपनांचा जो आवाज असेल तो त्या मोजमापांतून जसाच्या तसा परत उभा करतां येतो, हें नायक्विस्ट व शॅनन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सिद्धान्तानें गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतच ठरून गेलें आहे. माणसाचा कान तरुणपणीं फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो व ४४,१०० चे निम्मे २२,०५० होतात. तेव्हां हिशेब पुरा बसतो. मधल्या पायऱ्यांची अपुरी राहिलेली सूक्ष्मता ही खडबडीतपणा म्हणून नव्हे, तर अतिशय मंद सळसळ म्हणून शिल्लक राहते.

आतां जोडणीविषयीं. पहिल्याच संध्याकाळीं, संगणकापासून डॅकपर्यंत यूएसबीची तार व डॅकपासून आमच्या जुन्या ध्वनिवर्धकापर्यंत लाल-पांढऱ्या तारांची जोडी, एवढें करून चिरंजिवांनीं कळ दाबली, आणि गाण्याऐवजीं देवळांतल्या भोंग्यासारखा 'हूं' असा घुमारा सुरू झाला. हजार युरोंचा घुमारा! शोध करतां असें आढळलें कीं संगणकाचा चार्जर भिंतींतील एका खोबणींत व ध्वनिवर्धक दुसऱ्या टोकाच्या खोबणींत होता. दोहोंच्या अर्थिंगमधून विजेचें एक वेटोळें तयार होऊन तें आवाजांत उतरत होतें. चार्जर काढतांच घुमारा थांबला. पुढें तिन्ही यंत्रें एकाच पट्टीवर घेतलीं, तेव्हां चार्जर लावूनही तो परतला नाहीं. असा घुमारा थांबविण्यासाठीं कांहीं लोक प्लगमधील अर्थिंगची जाड दांडीच मोडून टाकतात. वाचकहो, असें कधींही करूं नका. ती दांडी माणसाचा जीव वाचविण्यासाठीं आहे. दूरचित्रवाणीच्या बाबतींत आम्हीं याहून सोपा उपाय केला. तिच्यापासून डॅकपर्यंत प्रकाशाची तार घेतली. ही जात १९८३ सालीं जपानच्या तोशिबा कंपनीनें आणलेली आहे. तिच्यांतून वीज मुळीं जातच नाहीं, केवळ प्रकाशाची उघडझांप जाते, म्हणून तिच्यांतून घुमाराही येत नाहीं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या मोठेपणाची. नव्या डॅकमधून निघणारा विजेचा दाब जुन्या ध्वनिवर्धकाला पुष्कळदां जास्त होतो. मग गुंडी जरा कोठें हलविली कीं घर दणाणतें. या डॅकवर त्या दाबाच्या चार पायऱ्या आहेत, त्यांतील खालची घेतल्यावर आमची गुंडी पुन्हां माणसांत आली. ध्वनिवर्धक सर्वांच्या शेवटीं सुरू करावा व सर्वांच्या आधीं बंद करावा, म्हणजे मधल्या खडखडाटानें कर्ण्यांचे पडदे दुखावत नाहींत. संगणकाची स्वतःची आवाजाची पट्टी पूर्ण वर ठेवावी आणि कमीजास्त करणें तें पुढें करावें. ही शेवटची सूचना आम्हांला क्षुल्लक वाटली होती. परंतु आंकडे वाटेंत न बदलतां पोंचतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं या डॅकच्या कर्त्यांनीं एक परीक्षा ठेवलेली आहे. त्यांनीं दिलेली ठराविक ध्वनिफाइल वाजवावयाची. एकही आंकडा बदलला नसेल तर डॅकच्या पडद्यावर तसा दाखला येतो. आमचा पहिला प्रयत्न नापास झाला, कारण पट्टी शंभराऐवजीं अठ्ठ्याण्णवावर होती. दुसरा नापास झाला, कारण विंडोजला सांगून ठेवल्याशिवाय तो सगळे आवाज आपल्या आवडीच्या एकाच गतीला आणून मगच पुढें सोडतो. तिसऱ्या खेपेस पास झालों तेव्हां चिरंजिवांस मॅट्रिकच्या निकालाइतका आनंद झाला.

महागड्या तारांविषयीं मात्र आम्ही एकच वाक्य लिहूं. यूएसबीच्या तारेंतून आंकडे जातात, ते पोंचतात किंवा पोंचत नाहींत, आणि दुकानांतली साधी तार ते पोंचविते. उरलेल्या पैशांत जाड पडदे घ्यावे. बैठकीच्या भिंतीवर पडदा व समोर पुस्तकांचें कपाट आल्यावर आमच्या खोलींतील आवाजांत जो फरक पडला, तो डॅकवर दिलेल्या निरनिराळ्या गाळण्या एकामागून एक लावूनही आम्हांस ऐकूं आला नाहीं.

हें सर्व झाल्यावर, प्रथम काय ऐकावें, हा प्रश्न निघाला. आमच्या मनांत तो कधींच ठरून गेला होता.

आमच्या मातोश्रींच्या वडील भगिनी, ज्यांना त्या आक्का म्हणत व आम्ही आक्कामावशी, त्या मिरजेस राहत. त्यांचें गाणें घराबाहेर फारसें गेलें नाहीं. १९६८ सालीं आमच्या मावसभावाच्या मुंजींत, रात्रीं मंडळी जेवून उठल्यावर, त्या माजघरांत गायला बसल्या होत्या. मामांनीं एका स्नेह्याकडून स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. त्यावर त्यांचा पूरियाधनाश्रीचा ख्याल उतरला. १९७४ सालीं आक्कामावशी गेल्या, आणि त्यांच्या गळ्याचें म्हणून जें कांहीं या जगांत उरलें तें त्या एका फितीवर. २००९ सालीं आम्हीं ती फीत शहरांतील एका दुकानांत देऊन तिच्या एका बाजूची संगणकाची फाइल करून घेतली. तिच्या प्रती भाचरांना, पुतण्यांना, अमेरिकेंतील नातलगांना पाठविल्या. गेलीं पंधराहून अधिक वर्षें आमच्या कुटुंबांत आक्कामावशी म्हणजे ती फाइल.

तरुण मंडळी ती ऐकत, आणि आदरानें म्हणत, 'जुन्या काळीं बायका जरा चिरक्या आवाजांतच गात, नाहीं का?' आम्हांला तें पटत असे. लहानपणीं ऐकलेला मावशींचा आवाज आम्हांस भरदार आठवत होता खरा. परंतु लहानपणीं वाडाही मोठा वाटतो. मातोश्रींनीं मात्र ती फाइल पहिल्यांदा ऐकली तेव्हांच मान हालविली होती. 'अरे, ही आक्का नव्हे.' आम्हीं समजूत घातली कीं फीत जुनी आहे, मोबाइलचा कर्णा बारीक आहे. त्यांनीं दोनचार वेळां तेंच सांगितलें. मग त्या ती फाइल लावली कीं देवघरांत जाऊन बसूं लागल्या, व आम्हीं असें धरून चाललों कीं वयामानानें त्यांचे कान गेले. कानाच्या डॉक्टरांकडेही एकदां नेऊन आणलें. तेथें वयाच्या मानानें कान उत्तम ठरले, तरी आमचें मत कांहीं बदललें नाहीं.

तेव्हां या डॅकवर आमची सारी भिस्त होती. यंत्र चांगलें आलें, आतां आक्कामावशींचा खरा आवाज निघेल, असें म्हणून आम्हीं मातोश्रींना खुर्ची मधोमध घालून दिली. फाइल सुरू झाली. सळसळ पूर्वींपेक्षां स्पष्ट, तंबोरा स्पष्ट, पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धां स्पष्ट, आणि आवाज पूर्वीं होता तितकाच चिरका; किंबहुना आतां तो चिरकेपणाही लख्ख दिसूं लागला.

मातोश्रींनीं दोन मिनिटें ऐकलें. मग अगदीं शांतपणें म्हणाल्या, 'पेटी कोण वाजवतंय?'

आम्ही गप्प झालों. पेटी त्याच वाजवीत होत्या. त्या रात्रीं साथीला दुसरें कोणी नव्हतें.

'माझीं बोटें काळी चारवर होतीं. आक्का जन्मभर काळी चारमध्यें गायली. ही बाई पांढरी सहाच्याही वर आहे. इतकी वर्षं सांगत्येय मी.'

माजघरांतील ती पेटी अजून आमच्याकडे आहे. चिरंजीव ती घेऊन आले. मातोश्रींनीं काळी चार दाबली, आणि फाइलींतील षड्ज त्याहून उंच, पांढरी सहा व काळी पांच यांच्या मधोमध कोठें तरी लोंबकळत होता. तें एका सुराचें अंतर नव्हे, कीं दोन सुरांचें नव्हे, सुमारें दीड. पेटी इतकी उतरणें शक्य नाहीं, व उतरली असती तर सगळे सूर सारखे उतरले नसते.

चिरंजिवांनीं डॅकच्या पडद्याकडे पाहिलें. तेथें ४८ चा आंकडा होता. म्हणजे ही फाइल आपल्या कपाळावर 'सेकंदाला ४८,००० मोजमापें' असें लिहून आली होती व डॅक त्या गतीनें ती वाजवीत होतें. आतां मोजण्याचा वेग खरोखर ४४,१०० असून कपाळावर ४८,००० लिहिलें गेलें असेल तर काय होईल? गाणें १.०८८ पट वेगानें धांवेल व सूरही त्याच प्रमाणांत चढतील. ७८ फेऱ्यांची तबकडी जोरांत फिरविल्यावर जसें होतें तसेंच हें. आणि १.०८८ पट म्हणजे पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबानें साधारण दीड पट्टी.

या दोन गतींची भानगड मुळांत कां, हेंही सांगण्यासारखें आहे. १९७०-८० च्या सुमारास आंकडे साठविण्यास चित्रफितीचीं यंत्रें वापरीत. एका ओळींत तीन मोजमापें, २४५ ओळी व सेकंदाला ६० चित्रभाग, यांचा गुणाकार ४४,१००. आणि युरोपांतील पद्धतीप्रमाणें ३, २९४ व ५० यांचाही गुणाकार ४४,१०० च! हा आंकडा १९८२ सालीं सीडीबरोबर घरोघर गेला. सिनेमा व चित्रवाणी यांच्या लोकांनीं ४८,००० धरला, कारण सेकंदाला २४ चित्रें असतील तर प्रत्येक चित्राच्या वांट्याला बरोबर २,००० मोजमापें येतात. तेव्हांपासून हीं दोन घराणीं एकत्र नांदत आहेत. चांगल्या डॅकमध्यें दोघांसाठीं दोन ताल राखलेले असतात. परंतु कोणता ताल धरावा हें त्याला फाइलीवरूनच कळतें. दुकानांतील यंत्र एका गतीनें मोजत असावें व संगणकाच्या कागदावर दुसरी गति लिहिली असावी. अशी गफलत होणें कठीण नाहीं, व ती करणाऱ्याला गाणें ठाऊक नसेल तर तिचा पत्ताही लागत नाहीं.

तरीही आम्हांला दुसरा साक्षीदार हवा होता. तो फितीच्या खोक्यावर सांपडला. मामांच्या हातचें पेन्सिलीनें लिहिलेलें होतें: १२०० फूट, ७॥ इंच. म्हणजे सेकंदाला साडेसात इंच या वेगानें बाराशें फूट फीत. तिला बरोबर ३२ मिनिटें लागावयास हवींत. फीत शेवटपर्यंत भरली होती, ख्याल मध्येंच तुटतो. आणि फाइल भरते २९ मिनिटें ३० सेकंद! तिसरा साक्षीदार तो घुमाराच निघाला. आमच्या जोडणीचा घुमारा गेला होता, पण फाइलींत स्वतःचा एक बारीक घुमारा आहे. आपल्याकडील विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५०, म्हणून तो पन्नासावर दिसावा. संगणकावर तो चौपन्नाच्या थोडा वर दिसला. वीज कांहीं २००९ सालीं आमच्यासाठीं जोरांत धांवली नव्हती.

दुरुस्ती पांच मिनिटांची होती, व तींतही एक खड्डा आहे तो वाचकांनीं टाळावा. ऑडॅसिटी नांवाच्या फुकट मिळणाऱ्या साधनांत फाइलीची गति बदलण्याच्या दोन आज्ञा आहेत. 'रीसँपल' म्हटलें तर तें साधन सर्व मोजमापें नव्यानें मांडतें व चूक जशीच्या तशी पुढें नेतें. सूर चढलेलाच राहतो. आपणांस मोजमापांना हात लावावयाचा नाहीं, फक्त कपाळावरचें लिहिणें बदलावयाचें आहे. त्यासाठीं ट्रॅकच्या यादींतील 'रेट' वापरावा. आम्हीं तेथें ४४,१०० केलें व साठवितांना खालचा आंकडाही तोच ठेवला. लांबी झाली ३२ मिनिटें ६ सेकंद. घुमारा पन्नासावर आला. मूळ चुकीची फाइल आम्हीं पुसली नाहीं. तीवर 'चुकीची गति' असें लिहून ठेवून दिली.

मग मातोश्रींना पुन्हां बोलावलें. त्या येईनात. 'झालं तेवढं पुरे' म्हणाल्या. शेवटीं चिरंजिवांनीं त्या देवघरांत असतांनाच फाइल सुरू केली. तंबोरा लागला, आणि आक्कामावशींनीं षड्ज लावला.

तो आवाज भरदार होता. वाडाही मोठाच असला पाहिजे.

मातोश्री कधीं येऊन खुर्चीवर बसल्या तें आम्हांस कळलें नाहीं. त्यांनीं पेटी जवळ ओढली, भाता सोडला, आणि काळी चार दाबून धरली. दोन्ही सूर केसभर अंतरानें एकमेकांत मिसळले. मग त्या वाजवूंच लागल्या, फितीवरच्या आपल्याच पेटीबरोबर. बोटें पूर्वींसारखीं चालत नाहींत, तानेच्या मागें राहतात. अंतऱ्याच्या सुरुवातीला त्या एकदम थांबल्या व कर्ण्याकडे बोट करून म्हणाल्या, 'आतां ऐक, इथं मी चुकल्यें.' आणि खरोखरच पेटी तेथें अडखळते, व आक्कामावशी तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवून तिला वाटेवर आणतात. ती जागा आम्हीं इतकीं वर्षें ऐकत होतों. गति दौडती असल्यामुळें तींत कोणी कोणाला सांभाळून घेत आहे, हें कधीं लक्षांत आलें नव्हतें.

कानाच्या डॉक्टरांकडे नेल्याबद्दल आम्हीं मातोश्रींची क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या कीं, डॉक्टर बरा माणूस होता.

दुरुस्त प्रती सर्वांकडे रवाना झाल्या आहेत. भाचरांचीं पत्रें आलीं. एकानें लिहिलें कीं त्याला जुनीच प्रत अधिक बरी वाटते. मुलांना झोपवितांना पंधरा वर्षें तीच लावीत आलों. त्याला आम्ही काय सांगणार? दोन्ही ठेव, एवढेंच कळविलें.

ज्यांच्या घरांत अशा ध्वनिफाइली असतील त्यांनीं डॅक आणावेंच असें आमचें म्हणणें नाहीं. ती चूक साध्या मोबाइलवरही पकडतां आली असती; आमच्या घरांत तर ती पहिल्या दिवशींच पकडली गेली होती. परंतु फितीच्या खोक्यावरचे पेन्सिलीचे आंकडे जपून ठेवा, गाणाराची पट्टी ज्यांस ठाऊक आहे त्यांना विचारून ती लिहून घ्या, आणि फीत यंत्रावर चढविण्यापूर्वीं हे दोन्ही कागद दुकानदाराच्या हातीं द्या.

आमच्या फितीची दुसरी बाजू अजून उतरवून घ्यावयाची आहे. फीत ट्रंकेंत, कोरड्या जागीं, उभी ठेवली आहे. तिला यंत्रावर चढविण्याची घाई आम्ही करीत नाहीं, कारण जुन्या फितींवरचा लेप कधीं कधीं सुटूं लागतो व अजाण हातीं ती कायमची जाते. जाणता मनुष्य आम्ही शोधीत आहों. त्या बाजूवर भैरवी आहे, असें मातोश्री सांगतात. तोंवर रात्र फार झाली होती व त्या मुलांना निजवायला उठून गेल्या होत्या, म्हणून तींत पेटी नाहीं.